करवंटीचा कोळसा आणि काळी जोडवी

मी कोळशाच्या कारखान्यात आहे म्हटलं की लोकांना वाटतं मी इस्त्रीवाल्यांना कोळसा पुरवते. पूर्वी समजावत बसायचे, आता बसत नाही. तुम्हाला मात्र सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नारळाच्या करवंट्या हवा कोंडून जाळल्या की त्यांची राख होत नाही, कोळसा होतो. तो लालबुंद तापवून त्याला वाफ द्यायची. वाफ त्याला आतून पोखरते. बाहेरून खडा होता तसाच टणक दिसतो, पण आत सगळी भोकंच भोकं, डोळ्यांना न दिसणारी. घाणेरडा, विषारी वायू त्या भोकांत शिरतो आणि तिथेच अडकून बसतो. डिचोलीच्या आमच्या कारखान्यात कुठला माल किती वायू गिळतो हे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे.

राहते पार्सेत, आईबरोबर. लग्न केलं नाही. त्यावरून गावानं बोलायचं तेवढं बोलून घेतलं, आता दमले बिचारे. सकाळी म्हापशाची बस, तिथून डिचोलीची, संध्याकाळी तेच उलटं, त्यामुळे घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते. धाकटा भाऊ वास्कोला बंदरात नोकरीला. तिथेच खोली घेऊन राहतो, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. गेल्या माघात त्यानं लग्न केलं. मुलगी म्हापशात वाढलेली, पण वडील कोल्हापूरकडून आलेले गवंडी. म्हणजे आईच्या भाषेत घाटी. आईनं होकार दिला, पण कडू काढा गिळल्यासारखा. लग्नातले तिचे फोटो बघाल तर एकातही तिचे दात दिसत नाहीत.

भावजय साधी होती. मला 'वन्सं' म्हणायची. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलची घंटा ऐकली की पदर खोचून पळत जायची आणि उंडे, ते कडक गोल पाव, घेऊन यायची, माझ्यासाठी एक जास्त, बसमध्ये खायला. पायात तिच्या आईनं घातलेली जाड चांदीची जोडवी होती. चालली की फरशीवर त्यांचा आवाज यायचा. आईला तो आवाजही खपायचा नाही.

काजूचा हंगाम सरत आला तेव्हा पहिल्यांदा देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळवंडलं. आईनं चिंच लावून घासलं, लख्ख झालं. दोन दिवसांनी परत तेच. मग चांदीच्या गणपतीचं तोंड काळं पडलं. सोंड, कान, डोळे सगळं काळं. घरातल्या देवाचं तोंड काळं होणं ही आमच्याकडे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मी विज्ञान शिकले आहे, तरी त्या सकाळी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि माझेही हात आपोआप जोडले गेले. खोटं कशाला सांगू.

आणि त्याच आठवड्यात जोडवी काळी झाली.

अंगावरची चांदी काळी पडली की आमच्याकडची माणसं म्हणतात त्या अंगाला काहीतरी लागलंय. आजार तरी, नाहीतर बाहेरचं. आई चुलीपाशी बसून तिच्या पायांकडे बघत राहायची. भावजयीच्या ते लक्षात आलं आणि ती साडी खाली ओढून चालायला लागली. मला म्हणाली, "मला काय होत न्हाई वो वन्सं. नुस्तं डोकं दुखतंय."

मला कारण दुसऱ्याच क्षणी कळलं होतं. घरामागे चढ आहे, आणि चढावर चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, जुनी खण. चिरे काढून काढून खोल विहिरीसारखी झालेली, तळाला गेल्या वर्षीचं पाणी. आमच्या लहानपणी तिथे काम बंद पडलं. खणीच्या निम्म्यावर एक कंगोरा चिरेवाल्यांनी मुद्दाम सोडला आहे, कारण त्यावर राखणदाराचा, गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड आहे. चारी बाजूंनी डोंगर कापला, पण त्या दगडाखालचा चिरा काढायची कुणाची छाती झाली नाही. वरून पायऱ्या खोदून तिथवर जायची वाट केली. वर्षातून एकदा गावातली माणसं तिथे रोट ठेवतात, विडी पेटवून ठेवतात, थोडी दारू ओततात आणि गाऱ्हाणं घालतात. एरवी तिकडे कोणी फिरकत नाही. यंदा कुणीतरी काजूच्या दारूभट्टीवरचा बोंडूंचा, म्हणजे काजूफळांचा, चोथा टेंपोनं आणून त्या खणीत ओतत होतं. चोथा त्या मेल्या पाण्यात कुजत होता. कुजक्या अंड्यासारखा वास यायचा तो तिथलाच. हा वायू हवेपेक्षा जड. दिवसा वारा असतो, काही कळत नाही. तिन्हीसांजेला वारा पडतो, तेव्हा तो खणीतून उतू जाऊन चढावरून सरपटत खाली येतो आणि आमच्या मागच्या खोलीत शिरतो. भावजय झोपायची ती हीच खोली. चांदी ह्या वायूनं काळी पडते हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं.

हे सगळं मी आईला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आई म्हणाली, "खण काय आजची असा? माझ्या घरात ह्या कधी झाला नाय. तिच्या वांगडा कायतरी इला असा." तिच्याबरोबर आलेलं, म्हणजे बाहेरचं.

पंचायतीत तक्रार दिली. बघतो म्हणाले. अजून बघताहेत.

इकडे आईनं देवळात जाऊन कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि उजवी पडते की डावी त्यावरून देवाचं उत्तर धरतात. उत्तर काय आलं ते मला नीट सांगितलं नाही, माझं तोंड तिला माहीत आहे. एवढंच सांगितलं की अवसेपर्यंत वाट बघायची. तोवर जोडवी पांढरी राहू लागली तर ठीक, नाहीतर सुनेला म्हापशाला आईबापाकडे पोचवायचं, आणि मग परत आणायचं नाही. मी विचारलं, "आणि तुझो झील काय म्हणता?" तर त्यानं मान हलवली होती म्हणे. आमचा भाऊ मान हलवतो. ती होय होती की नाही हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

मग मी म्हटलं, आई माझ्या विज्ञानाला मानत नाही, चांदीला मानते ना? चांदीच साक्षीला काढू. कारखान्यातून नाकारलेल्या मालाचा कोळसा मागून आणला, सोड्याच्या पाण्यात भिजवला, उन्हात वाळवला. असा केला की हा वायू तो जास्त ओढतो. मलमलीच्या चपट्या पिशव्या शिवून त्यात भरला. मागच्या खोलीच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, पंखा बसवला आणि पंख्यापुढे पिशव्यांचा थर, म्हणजे बाहेरची हवा कोळशातून गाळूनच आत येणार. उरलेल्या फटी कागदानं बुजवल्या. मग लक्ष्मीच्या छापाची चांदीची नाणी घासून पांढरी केली आणि प्रत्येक खोलीत दोऱ्यानं टांगली. भावजय सगळ्याला मदत करत होती. कोळशानं हात काळे झाले तेव्हा आई दारातून म्हणाली, "कोळसो उगाळात तितको काळोच." म्हणाली कोळशाला, पण बघत होती तिच्याकडे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर भावजयीनं माझा दंड दाबला.

कोळशानं काम चोख केलं. घरातला वास गेला. इतका गेला की चमत्कारिक वाटायला लागलं. मागच्या खोलीत कपड्यांचा, तेलाचा, माणसाचा, कसलाच वास उरला नाही, जणू तिथे कोणी राहतच नव्हतं. नाणी पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू फिरत असायची, पांढरीशुभ्र. निरांजन पांढरं. गणपतीचं तोंड स्वच्छ. मी मनात म्हटलं, जिंकले.

आणि जोडवी काळीच होती. मी स्वतः ती सोड्यानं घासून पांढरी करून द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला बसलो की तिच्या पायांत पुन्हा ती निळसर काळी कडी. त्याच घरात, त्याच हवेत. तिच्याच उशाशी टांगलेलं नाणं पांढरं आणि तिच्याच पायातली चांदी काळी. मी कारखान्यात नेऊन जोडवी तपासली, चांदी खरी होती. बोटांच्या घामाचं काही असेल म्हणून तिला माझं जुनं पैंजण घालायला दिलं, तेही काळं झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आधी सगळंच काळं पडत होतं, तेव्हा निदान घरावर तरी बोट दाखवता येत होतं. आता माझ्याच कोळशानं घर सोडवलं आणि तिला एकटीला पुढे उभी केली.  आईनं नाण्यांकडे बोट केलं, मग सुनेच्या पायांकडे, आणि भाकरी थापायला लागली.

खरं सांगते, मी घाबरले. बसमध्ये डोकं टेकून हिशेब मांडायचे आणि तो सुटायचा नाही. भावजयीचे डोळे लाल दिसायचे. हाक मारली की तिला ऐकू यायला वेळ लागायचा. सकाळी उठून बघावं तर ती टांगलेल्या नाण्यासमोर उभी, एक बोट त्याच्याजवळ नेते आहे, पण लावत नाही. मी विचारलं, काय करतेस? "कायबी न्हाई," म्हणाली. पण बोट तसंच धरून होती. मला तिच्याजवळ जायला एक पाऊल जड गेलं, हेही खरं.

अवस दोन दिवसांवर आली असताना कारखान्यातली भट्टी दुरुस्तीला बंद झाली आणि मला दुपारीच सुटी मिळाली. किती दिवसांनी उजेडी घरी पोचले. ऊन उतरलं होतं, वारा पडायला लागला होता. आई तुळशीपाशी होती. मला बघून दचकली.

"ती खय असा?" मी विचारलं. घरात आम्ही दोघी आमचंच बोलतो.

"पाण्याक गेली."

आमच्या घरात नळ आहे. मी तिच्यासमोर उभी राहिले, हलले नाही. आई वात वळत राहिली, मग म्हणाली, "वर गेली असा. राखणदाराकडे दिवो लावक. कौलात सांगलेला, नवी सून त्याका दाखवक नाय म्हणान तो रागावलो. अवसेपर्यंत रोज तिन्हीसांजेक तिनाच दिवो लावचो आणि वात जळसर थंय बसाचा. तुका सांगू नको म्हणान मीच तिका सांगलंय."

मला आधी काही समजलंच नाही. मग एकदम सगळं समजलं. मी रोज दिवेलागणीनंतर येते. त्याच्या आधी, नेमकं वारा पडल्यावर, खण काठोकाठ भरते त्या वेळेला, ही पोर त्या पायऱ्या उतरून कंगोऱ्यावर जाऊन बसत होती, वात विझेपर्यंत. घासलेली जोडवी घालून. आणि काळी होऊन आली की घर म्हणणार, बघा, हिच्यातच आहे. आईला मी काय बोलले ते लिहीत नाही, ते शब्द छापायचे नाहीत. पिशवी तिथेच टाकून चढाला लागले.

खणीच्या काठावर आले आणि वास नाकात सुईसारखा घुसला. खोकला आला. तिथे एरवी बेडूक ओरडतात, रातकिडे असतात. काही नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं. पहिल्या पायरीवर दोन पाली पडलेल्या होत्या, पोट वर करून. खाली पाण्यावर जाड काळी साय, आणि तिच्यात मधूनच एखादा बुडबुडा फुगायचा, फुटायचा. कंगोऱ्यावर राखणदाराच्या दगडापुढे पणती होती, ज्योत अगदी बारीक. भावजय शेजारी गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. मान एका बाजूला कललेली.

मी हाक मारली. पुन्हा मारली. तिनं सावकाश वर पाहिलं आणि हसली. "वन्सं? आज लवकर आलासा?"

"वर ये. आत्ता."

"थांबा वो. वात हाय अजून. हितं बरं वाटतंय."

"वास येत नाही तुला?"

"पैल्यांदा यायचा. आता न्हाई येत."

 हा वायू थोडा असतो तेव्हा नाकाला झोंबतो. वाढला की आधी नाक मारतो. वास बंद झाला म्हणजे हवा चांगली झाली असं माणसाला वाटतं आणि ते तिथेच बसून राहतं. आमच्याकडे पहिला धडा हा, आणि दुसरा धडा हा की खाली पडलेल्याच्या मागे कधी उतरायचं नाही, कारण उतरणारा वर येत नाही. मी एक पाय पायरीवर ठेवून उभी होते, खाली टाकायचा की मागे घ्यायचा ते ठरत नव्हतं.

"कौल खोटा आहे," मी ओरडले. "खणीमुळे होतंय ते. जोडवी खणीमुळे काळी होतात. वर ये, दाखवते."

तिनं मान हलवली. शांतपणे म्हणाली, "तुमचा कोळसा खोटं बोलत न्हाई वन्सं. मी रोज बघती की. समदं घर पांढरं झालं. मीच तेवढी काळी."

तिला पटलं होतं ते. आई म्हणत होती म्हणून नव्हे, आईचं बोलणं तिनं उडवून लावलं असतं. पटवलं होतं माझ्या नाण्यांनी. आता खाली बसून ती कुणाची शिक्षा भोगत नव्हती, तिला ती जागाच बरी वाटत होती. समजावून ती वर येणार नव्हती हे मला दिसलं. समजावण्यात मी कधी कुणाला जिंकलेलं नाही, भांडणात जिंकलेलं आहे.

मी खोटं बोलले. "आई पडली गो. न्हाणीत पडली, उठत नाही. मला एकटीला उचलत नाही. लवकर ये."

ती उठली. आधी भेलकांडली, हात दगडावर टेकला, आणि मग जी निघाली ती पायऱ्या चढत सुटली, अडखळत, गुडघे फोडून घेत, तोंडानं "आले, आले" म्हणत. ज्या बाईनं तिला तिथे बसायला धाडलं होतं तिला उचलायला ती धावत होती. काठाशी आली तशी मी दोन्ही हातांनी तिचे दंड धरून ओढलं आणि आम्ही दोघी गवतावर पडलो. तिला ओकारी झाली. ओठ निळे दिसत होते.

तेवढ्यात आई धापा टाकत चढ चढून आली. माझ्या शिव्यांनी तरी, नाहीतर कशानं तरी तिला राहवलं नसावं. भावजयीनं डोळे उघडून तिला बघितलं, आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आई, तुमी पडलासा न्हवं? लागलं काय?"

आई उभीच राहिली. मग खाली बसली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी फोन करून रिक्षा बोलावली, म्हापशाला इस्पितळात नेलं, ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं. भाऊ वास्कोहून आला आणि खाटेशेजारी बसून रडला. मान हलवण्यापेक्षा ते बरं होतं.

घरी आणली त्या दिवशी आई पदरात रोट बांधून निघाली. मी आडवी झाले, तर म्हणाली, "खाली देवचय नाय. काठारसून सांगतंय." म्हणजे खाली उतरणार नव्हती, काठावरूनच सांगणार होती. भर दुपारी, वारा सुटलेला होता, म्हणून जाऊ दिलं, आणि बरोबर गेले. काठावर उभी राहून आईनं हात जोडले. "बा राखणदारा, ही आमची सून. घाटावयली जाली तरी आमची. तुका सांगूचा ऱ्हवला, ती चुकी माझी, तिची न्हय. तिका सांभाळ." गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार भरावा लागतो. तिथे मीच होते. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आई मला कोपरानं ढोसून म्हणाली, मोठ्यान म्हण.

त्यानंतर आईनं तिला कधी वेडंवाकडं बोललेलं मी ऐकलं नाही. म्हापशाला पोचवायची गोष्ट कुणी काढली नाही. पंखा चालू आहे, पिशव्या मी बदलत असते. भावजय घरात हिंडते, उंडे आणते, माझ्याशी हसते. फक्त तिचं नाक परत आलं नाही. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते सांगता येत नाही. दूध नासलेलं तिला कळत नाही, फोडणी करपलेली कळत नाही.

तिन्हीसांज झाली की ती माझ्याजवळ येते. आता मी बस बदलून थोडी लवकर पोचते. आई देवापुढे असते तेव्हा हळूच येते, पदर सारते आणि मनगट माझ्या नाकापाशी धरते. "वन्सं, माझा वास येतो काय?"

"नाही गो."

"नीट बघा."

मी नीट बघते. तेलाचा असतो, हळदीचा असतो. दुसरा कसलाच नाही म्हणते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, मी खरं बोलते का ते शोधत.

परवा कोळसा बदलायला मला उशीर झाला होता. पिशव्या भरून गेल्या होत्या, आणि मागच्या खोलीत पाऊल टाकलं तर तो वास होता, थोडा, पण होता. ती माझ्यामागून आली आणि तिनं मनगट पुढे केलं. खोलीचा आहे म्हणून सांगता आलं असतं. पण तिनं तो स्वतःवरच घेतला असता. मी तिचा हात धरला, नाकाशी नेला, आणि ती बघत असताना पुरता एक श्वास आत घेतला.

"नाही," म्हटलं. "कसलाच नाही."

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पिशव्या सोडवायला लागले.